जपानी कायदा शिकायचाय: क्योटोतले दोन आठवडे की फुकुओकातलं एक वर्ष?

आमच्या ऑफिसमधल्या ज्युनिअरने परवा विचारलं, "सर, जपानी कायदा इंग्रजीतून शिकायचाय. क्योटोचा सेमिनार करू की फुकुओकाचं एलएल.एम.?" सिडनीत शिकत होतो तेव्हा मीही याच प्रश्नावर महिनाभर घुटमळलो होतो. फी आणि प्रवेशाच्या अटी कुणालाही शोधता येतील, त्यात शिरत नाही.

सेमिनारमागे आहे 'अँजेल', म्हणजे ऑस्ट्रेलियन नेटवर्क फॉर जॅपनीज लॉ. लूक नॉटेज, केंट अँडरसन आणि लिऑन वुल्फ या तीन प्राध्यापकांनी 2002 मध्ये ते उभं केलं. ना स्वतःची इमारत, ना स्वतःची पदवी; माणसांच्या ओळखी हेच भांडवल. हॅम्बुर्गहून 1996 पासून निघणाऱ्या जपानी कायद्याच्या नियतकालिकाशीही त्यांचं सहकार्य आहे. त्यात जर्मनसोबत इंग्रजी लेखही असतात. कुठेच जायचं नसेल तरी तेवढं चाळाच.

मी गेलो तो फेब्रुवारी 2019 चा. रित्सुमेइकान विद्यापीठातर्फे एक आठवडा क्योटोत, एक टोकियोत. क्योटोत कायदा आणि समाज, टोकियोत व्यापारी कायदा. शिकवायला ऑस्ट्रेलियन आणि जपानी प्राध्यापक, अधूनमधून वकील. पहिल्याच दिवशी जुना वाद निघाला: जपानी माणूस कोर्टात जायला का कचरतो? जपानी कायदेपंडित कावाशिमा ताकेयोशी यांनी 1960 च्या दशकात त्याचं मूळ लोकांच्या मनोवृत्तीत शोधलं होतं. अमेरिकन अभ्यासक जॉन हेली यांनी 1978 मध्ये ते खोडून काढलं: लोक कचरत नाहीत, न्यायाधीश आणि वकीलच इतके कमी ठेवलेत की कोर्टात जाणं परवडत नाही. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ऐकत वाढलेल्या मला कावाशिमांचं लगेच पटलं. मग आठवलं, ही म्हण सांगणाऱ्या आमच्याच आजोबांनी बांधाच्या वादात सतरा वर्षं तारखा घेतल्या होत्या. त्या दुपारपासून मी हेलींच्या बाजूला आहे.

फुकुओकातल्या क्युशू विद्यापीठाचं एलएल.एम. भारदस्त प्रकरण. संपूर्ण इंग्रजीतून, 1994 पासून चालू. जपानमध्ये असा कायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करणारे ते पहिलेच. वर्षभर वर्ग, शेवटी प्रबंध. हाती पदवी येते आणि बायोडेटात ती उठून दिसते, यात वाद नाही. जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर खर्चाचाही प्रश्न उरत नाही. (बेंगोशी, म्हणजे तिथला वकील, मात्र त्या पदवीने होता येत नाही. हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं.) एखाद्या विषयाच्या तळाशी जायचं असेल तर दोन आठवडे आणि एक वर्ष यांची बरोबरीच नाही.

तरी मी फुकुओकाला गेलो नाही. कारण तसं क्षुल्लक आहे.

क्योटोत मालाच्या विक्रीवर छोटं टिपण सादर करायचं होतं. मी नागरी संहितेचं इंग्रजी भाषांतर समोर ठेवून, कलम 570 धरून, लपलेल्या दोषांवर तीन पानं लिहिली. शेजारच्या जपानी मुलीने ती वाचली, पिशवीतून विटेएवढी 'रोप्पो', म्हणजे कायद्यांची संहिता काढली आणि अगदी संकोचून म्हणाली, "हे पुढच्या वर्षी 1 एप्रिलपासून बदलतंय." सुधारणा 2017 मध्येच मंजूर झाली होती. विक्रीच्या कलमांतून 'काशी', म्हणजे दोष, हा शब्दच जाणार होता. त्याजागी माल कराराबरहुकूम आहे की नाही, एवढंच बघायचं. माझ्या भाषांतरात याचा मागमूस नव्हता. भाषांतराला कायद्याचं बळ नसतं, मूळ जपानी मजकूरच खरा, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि वर्गासमोर कान लाल होणं वेगळं.

त्यानंतर फुकुओकाचा अर्ज भरायला बसलो की एकच प्रश्न पडे: वर्षभर इंग्रजीतून शिकून मी शेवटी याच भिंतीशी येणार ना? निकालपत्रांचं तर भाषांतरही क्वचितच होतं. तिथे राहून भाषा आपोआप येते, असं सांगतात. असेलही. माझा एक मित्र तिथे वर्षभर होता. वर्ग इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत; परतला तेव्हा त्याचं जपानी दुकानात पिशवी नको म्हणण्यापुरतं होतं. एकावरून सगळ्यांना मोजू नये, पण माझ्यासमोर उदाहरण तेवढंच होतं.

मी पुण्याला परतलो आणि ते वर्ष जपानीला दिलं. इथे शिकवणारे भरपूर, जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही गावातच. त्या परीक्षेची एन 2 ही पातळी पार झाल्यावर पहिल्यांदा कलम 562, म्हणजे कराराबरहुकूम मालाचं नवं कलम, मूळातून वाचलं. चाळीस मिनिटं लागली. सेमिनार नसता तर आपल्याला नेमकं काय येत नाही हेच कळलं नसतं, असं मला वाटतं.

ज्याला प्राध्यापक व्हायचंय किंवा ज्याचं जपानी आधीच बरं आहे, त्याने फुकुओकाचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी आधी क्योटोच्या यंदाच्या तारखा बघाव्यात. फेब्रुवारीत थंडी हाडांत शिरते, स्वेटर जास्तीचे न्यावेत.

ज्युनिअरला मी एवढंच विचारलं, "कांजी किती येतात?" म्हणाली, "साधारण शंभर." कांजी म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं; रोजच्या वापरातल्या 2136 आहेत, हे तिला ठाऊक होतं. क्योटोच्या तारखा तिने त्याच संध्याकाळी शोधून काढल्या. डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म अजून भरायचाय म्हणे.