आडसाली उसात आंतरपीक: सोयाबीन, भुईमूग की मका?

जुलैत या दीड वर्षाच्या उसाची लागण झाली की पारावर एकच सल्ला मिळतो: "सोयाबीन घाल, उसाला नत्र देतंय." हे अर्धंच खरं. उभं सोयाबीन उसाला फारसं काही देत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, पण तो बहुतेक त्याच्याच दाण्यात जातो. फायदा असा की ते उसाच्या ताटातलं कमी खातं, आणि कापणीनंतर मुळं, गाठी नि झडलेला पाला रानात कुजतो.

म्हणून मी भाव शेवटी बघतो. आधी मूळ बघतो, आणि ते रानातनं निघतं कसं ते.

मक्याचा निकाल पटकन लागतो. तोही उसासारखा गवताच्याच कुळातला, तंतुमुळं त्याच वरच्या थरात, भूकही नत्राचीच. वर सावली पडते, फुटवे मार खातात. वैरणीला बांधाकडच्या दोन-चार सऱ्या, बास. (भुईमुगाला मात्र हाच शेजारी मानवतो. चुनखडीच्या रानात भुईमूग लोहाअभावी पिवळा पडतो, तिथं मक्याची मुळं लोह मोकळं करणारा स्राव सोडतात आणि त्याचा वाटा भुईमुगालाही मिळतो.)

खरा प्रश्न सोयाबीन की भुईमूग. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं, मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवायला) रान मोकळं. विळ्यानं बुडातनं कापलं की मुळं जाग्यावरच राहतात. भुईमूग उपटावा लागतो, म्हणजे बऱ्याच गाठीही वेलाबरोबर बाहेर. शिरोळकडच्या काळ्या रानात माती आवळली की शेंगा आतच तुटतात. त्या उकरताना खुरपं उसाच्या नव्या मुळांवर चालतं. तांबड्या, निचऱ्याच्या माळावर हा त्रास नाही, तिथं भुईमूग बिनधास्त घ्या.

दोन्हीत घोळ होतो तो युरियाचा. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे आणि त्यातला ४० टक्के हप्ता सहा ते आठ आठवड्यांनी येतो, नेमका गाठी भरात असताना. तो विस्कटून टाकला की सोयाबीन आयता नत्र ओढतं आणि गाठी आळसावतात. उसाच्या बुडाशी, मातीआड द्या.

गेल्या साली पंचेचाळीसाव्या दिवशी मी एकाच सरीतली दोन रोपं उपटली. वरच्या टोकाची गाठ नखानं फोडली, आत लालसर गुलाबी, म्हणजे काम चालू. खालच्या टोकाला पाणी तुंबलं होतं. तिथली गाठ आत पांढरट-हिरवी. बियाणं एक, जिवाणू खताचं पाकीट एक. गाठीला हवा लागते, चर आधी काढायला हवा होता. पाकिटावरनं आठवलं: सोयाबीनचं रायझोबियम (गाठी करणारा जिवाणू) वेगळं, भुईमुगाचं वेगळं. घेताना पिकाचं नाव वाचा.

यंदा माझ्या काळ्या रानात सोयाबीनच, वरंब्याच्या एकाच बगलेला टोकून. माळाच्या तुकड्यात भुईमूग, आणि काढायला येणाऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवणार, खुरपं उसाच्या बुडापासून वीतभर लांब.