फळमाशी ओळखायला ‘३० पट’चं घडीचं भिंग: छाप खोटी, काम चोख

सोनाराकडे असतं तसलं हे घडीचं भिंग ऑनलाइन दोनशे रुपयांच्या आत मिळतं. वर छापलेलं असतं ‘३० पट, २१ मिमी’. २१ मिमी हा काचेचा व्यास, तो बरोबर. ३० पट ही थाप. समोरच्या दूरच्या खिडकीची प्रतिमा कागदावर पाडा, ती ठळक होते ते अंतर पट्टीने मोजा आणि २५ सेंमीला त्याने भागा. इथे अंतर अडीच सेंमी येतं, म्हणजे १० पट. खरंच ३० पट असतं तर भिंग माशीपासून जेमतेम ८ मिमीवर धरावं लागलं असतं, आणि मग उजेड कुठून येणार? बागेतल्या कामाला १० पटच बरं.

मिथाईल युजेनॉल या वासाच्या आमिषाच्या सापळ्यात फक्त नर येतात, तेव्हा अंडी घालायची नळी शोधत बसू नका. आधी पंख पाहा. पुढच्या कडेने टोकापर्यंत सलग बारीक काळसर पट्टी असेल तर बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही जात. पट्टी तुटक आणि टोकाला नुसता ठिपका असेल तर तिच्या जवळच्या जाती, झोनाटा किंवा करेक्टा. झोनाटाची पाठ तांबूस असते; करेक्टाची बहुधा काळी, शिवाय चेहऱ्यावरचे काळे डाग आडवे, जवळजवळ जुळलेले. भिंगाची खरी परीक्षा या डागांवर होते: मधोमध धरलं तर स्वच्छ दिसतात, काठाला जांभळी किनार येते आणि दोन डागांचा एक होतो. पाठीवर तीन पिवळे पट्टे दिसले तर ती बहुधा वेलभाज्यांवरची कुकुर्बिटी. ती क्यू-ल्युर या वेगळ्या आमिषाला येते. मिथाईल युजेनॉलच्या सापळ्यात भरपूर सापडली तर आमिषाची गोळी तपासा.

नुसत्या पाठीच्या रंगावर नाव ठरवू नका. डॉर्सालिस काळी असते तशी तपकिरीही असते. त्यात सापळ्यात पाणी शिरलं की पिवळे पट्टे मळकट होतात, म्हणून सापळा आठवड्याला रिकामा करावा. पंख चिकटले असतील तर माशी ओल्या टिपकागदावर ठेवून डबी रात्रभर बंद ठेवा, मग शून्य नंबरच्या ब्रशने पंख उलगडा. गोळीत मॅलॅथिऑनसारखं कीटकनाशक असू शकतं, हातमोजे घाला.

भिंगातला एलईडी कुचकामी. चकचकीत पाठीवर त्याचा पांढरा ठिपका पडतो, नेमका पट्ट्यावर. बाजूने उजेड घ्या, मध्ये बटरपेपर धरा.

मादी हवी असेल तर किडकं फळ वाळूवर ठेवून माश्या काढाव्या लागतात. कोषातून नुकतीच निघालेली माशी फिकी असते, डॉर्सालिसही झोनाटासारखी भासते. साखरपाणी देऊन तीन-चार दिवस जिवंत ठेवा, मगच भिंग उघडा.