गॅरेजमधलं सिंक: छतापर्यंत व्हेंट की एएव्ही?

अमेरिकेतल्या घरात मोरी नसते. पितळेची समई चिंचेने घासायची, चिखलाचे बूट धुवायचे, भिंतीच्या रंगाचे ब्रश साफ करायचे, तर कुठे? स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये हे करवत नाही. म्हणून गॅरेजमध्ये एक खोल युटिलिटी सिंक बसवावं, असं कधी ना कधी मनात येतंच. सिंक आणि नळ निवडणं सोपं आहे. पैसे आणि डोकं खर्च होतं ते सांडपाण्याच्या पाइपला हवा कुठून द्यायची, या प्रश्नावर.

हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, त्याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत सिंकचा पाइप बाहेर गली ट्रॅपच्या (अंगणातल्या सांडपाण्याच्या कुंडीच्या) जाळीवर मोकळा सोडलेला असतो, त्यामुळे तिथे हवा आपोआप मिळते. इथे तो भिंतीतल्या भिंतीत ड्रेन लाइनला घट्ट जोडलेला असतो. खोल सिंक भरून एकदम मोकळं केलं, की पुढे धावणारं पाणी मागून ओढ निर्माण करतं आणि पी-ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपमध्ये, थांबलेलं दोन-चार इंच पाणीही सोबत नेतं. ते पाणी म्हणजेच सीवरचा वायू अडवणारं झाकण. ते गेलं की वास घरात. व्हेंट, म्हणजे हवेचा मार्ग, ती ओढ मोडण्यापुरती हवा पुरवतो.

पहिला पर्याय छतावर उघडणाऱ्या व्हेंटचा. सिंकमागून पाइप उभा वर न्यायचा आणि छतातून बाहेर काढायचा, किंवा माळ्यावर घराच्या जुन्या व्हेंटला जोडायचा. जोडायचा असेल तर सिंकच्या काठाच्या किमान सहा इंच वर गेल्याशिवाय त्याला आडवं वळण द्यायचं नाही. यात हलणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. शिवाय हवा दोन्ही दिशांनी जाते, आणि हा गुण लोक विसरतात. त्याच लाइनवर वॉशिंग मशीनचा पंप पाणी ढकलतो, तेव्हा पाइपमध्ये दाब वाढतो. तो दाबही इथून निघून जातो. अडचण फोडाफोडीची. छताला नवं भोक, त्याचं फ्लॅशिंग (पाऊस आत येऊ न देणारा पत्रा), आणि गॅरेजवर बेडरूम असेल तर काम आणखी वाढतं, कारण गॅरेजच्या आतल्या छताला अग्निरोधक जिप्सम बोर्ड असतं आणि पाइपभोवतीची फट नियमाप्रमाणे बुजवावी लागते. कडाक्याच्या थंडीच्या भागात छतावरचं तोंड बर्फाने बंद होऊ नये म्हणून तिथे तीन इंचांचा पाइप मागतात.

दुसरा पर्याय एएव्ही, म्हणजे एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह. पाइपमध्ये ओढ निर्माण झाली की हा उघडून खोलीतली हवा आत घेतो आणि ओढ थांबली की वजनाने मिटतो. वस्तू स्वस्त आणि छताला हात लावायची गरज नाही. तो ट्रॅपमधून निघणाऱ्या आडव्या पाइपच्या किमान चार इंच वर, उभा आणि हात पोहोचेल असा बसवावा लागतो. भिंतीत असेल तर जाळीचं झाकण हवंच, प्लास्टरखाली गाडून चालत नाही. आतलं रबर कधीतरी थकतं. तेव्हा जुना फिरवून काढायचा आणि नवा लावायचा. पण तो वाढलेला दाब बाहेर सोडू शकत नाही, म्हणून घराला निदान एक व्हेंट उघड्यावर असावाच लागतो. आणि घराची ड्रेन लाइन सिंकपेक्षा उंचावर असल्यामुळे तुम्ही पंपाची टाकी लावणार असाल, तर त्या टाकीच्या व्हेंटसाठी साधा एएव्ही धरू नका.

यातलं काय चालेल हे बऱ्याचदा तुमचं राज्यच ठरवतं. प्लंबिंगचे नियम, म्हणजे कोड, सगळीकडे एकच नाहीत. आयपीसी (इंटरनॅशनल प्लंबिंग कोड) किंवा आयआरसी (इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड) मानणाऱ्या भागांत एएव्ही सहसा मंजूर होतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या यूपीसीवर (युनिफॉर्म प्लंबिंग कोडवर) चालणाऱ्या राज्यांत स्थानिक अधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते. म्हणून सामान आणण्याआधी परमिटच्या कार्यालयात फोन करा. फरक अंतरातही आहे. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंत दीड इंची पाइपला आयपीसी जास्तीत जास्त सहा फूट देतं, दोन इंचीला आठ. यूपीसीत तेच 42 आणि 60 इंच. दोन्हीकडे उतार फुटाला पाव इंच. मी तरी दोन इंची पाइपच घालीन. गॅरेजच्या सिंकमध्ये माती जाते, आणि दीड इंची पाइपमध्ये ती लवकर बसते.

माझं मत विचाराल तर गॅरेजवर मोकळा माळा असेल आणि भिंत तशीही उघडणार असाल, तर छतापर्यंतचा व्हेंट घाला. एका दिवसाचं जास्तीचं काम, पण पुढे त्याच्याकडे बघावं लागत नाही. वर खोली असेल, घराच्या सामाईक भिंतीत ड्रेन जवळच असेल आणि कोड परवानगी देत असेल, तर एएव्ही बेधडक लावा. ती काही पळवाट नव्हे. दोन्ही बाबतींत सिंक घराच्या सामाईक भिंतीलाच ठेवा. बाहेरच्या भिंतीत पाणी गोठून पाइप फुटतो. फरशी फोडायची वेळ आली, तर स्लॅब पोस्ट-टेन्शन (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) आहे का हे आधी तपासा. त्यातली केबल कापली गेली तर जिवावर बेतू शकतं.

तिसरा एक पर्याय काही हँडीमन सुचवतात: व्हेंट नको, पाइप सरळ खाली उतरवून जमिनीतल्या लाइनला जोडू. हा एस-ट्रॅप झाला. दोन्ही कोडांत त्याला बंदी आहे आणि कारण वर सांगितलेलंच आहे.

व्हेंट कुठलाही घाला, महिनाभर न वापरलेल्या सिंकचा ट्रॅप सुकतो आणि वास येतो. लोक तेव्हा एएव्हीला दोष देऊन तो बदलतात. आधी तांब्याभर पाणी ओतून बघा.