कोरडवाहू तालुक्याचा चाळीस वर्षांचा नकाशा: गूगल अर्थ इंजिन कितपत भरवशाचं?

माण, सांगोला, करमाळा, कर्जत या अवर्षणप्रवण पट्ट्यात माळरान किती उरलं, झाडी खरंच वाढली की नुसता ऊस आणि डाळिंब वाढलं, हे तपासायचं तर गूगल अर्थ इंजिनच्या तोडीचं दुसरं फुकट साधन नाही. लँडसॅट-5 या उपग्रहाची 1984 पासूनची चित्रं, सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं आणि 1981 पासूनचा पाऊस हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं, आणि गणित गूगलच्या यंत्रांवर होत असल्यामुळे साधा लॅपटॉपही पुरतो. मात्र कोरड्या मुलखात हेच साधन चुकीचं उत्तरही तितक्याच देखण्या नकाशात देतं. नकाशा बघून चूक ओळखू येत नाही, म्हणून पथ्यं आधीच माहीत हवीत.

सुरुवात सोपी आहे. गूगल खातं, एक क्लाउड प्रोजेक्ट आणि 'बिनव्यापारी वापर' अशी नोंदणी एवढ्यावर काम सुरू होतं. तयार मिळणाऱ्या जुन्या सीमा जिल्ह्यापर्यंतच जातात, त्यामुळे तालुक्याची हद्द आपणच चढवायची. त्यासाठी झिपमध्ये एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे या चारही फाइली असू द्या. पीआरजे राहिली तर हद्द भलतीकडे जाऊन बसू शकते. दीड हजार चौरस किलोमीटरच्या तालुक्यात 30 मीटरचे साधारण 16 लाख 67 हजार पिक्सेल होतात. ते सहज निघतात. तोच तालुका सेंटिनेलच्या 10 मीटरवर घेतला की आकडा दीड कोटीवर जातो आणि 'पिक्सेल फार झाले' अशी लाल ओळ येते, कारण सरासरी काढायच्या आज्ञेची मूळ मर्यादा एक कोटीची आहे. मर्यादा वाढवा, पण स्केल (किती मीटरच्या पिक्सेलवर मोजायचं ते) मात्र स्वतः लिहा. ते इंजिनवर सोडलं तर आकडे बदलतात.

सगळ्यात जास्त घात होतो तो गुणकामुळे. लँडसॅटच्या कलेक्शन 2 या चित्रसंचातला कच्चा आकडा 0.0000275 ने गुणून त्यातून 0.2 वजा करायचे असतात, तेव्हा खरं परावर्तन मिळतं. एनडीव्हीआय (हिरवाई मोजणारा निर्देशांक) हे गुणोत्तर आहे, मग गुणक नाही लावला तरी चालेल, असं पुष्कळांना वाटतं. गुणाकार कटतो हे खरं, वजाबाकी कटत नाही. उदाहरण घ्या: जवळचं अवरक्त परावर्तन 0.30 आणि लाल 0.10 असेल तर एनडीव्हीआय 0.50 येतो. तेच कच्च्या आकड्यांवर काढलं तर उत्तर 0.25. म्हणजे बऱ्यापैकी हिरवं रान खुरटं झुडूप म्हणून नोंदलं जातं. काळ्या मातीच्या भागात एनडीव्हीआयपेक्षा एसएव्हीआय (मातीचा परिणाम कमी करणारा तसाच निर्देशांक) बरा, कारण गडद माती विरळ हिरवाई फुगवून दाखवते. त्यातला 0.5 हा स्थिरांक मात्र गुणक लावलेल्या परावर्तनासाठीच आहे. कच्च्या आकड्यांत तो बुडून जातो.

दुसरं पथ्य महिन्याचं. ऑक्टोबरात कुसळीचा माळही जंगलासारखा हिरवा दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये सालई आणि धावड्याची पानं झडलेली असतात, तेव्हा हिरवा उरतो तो ऊस, फळबागा आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ. म्हणून एकाच वर्षाच्या दोन खिडक्या घ्या, पावसाळा सरल्यावरची आणि उन्हाळ्यातली. दोन्हींत हिरवं ते बहुधा बागायत किंवा वेडी बाभूळ. पहिल्या खिडकीत हिरवं आणि दुसऱ्यात कोरडं ते माळ, पानझडी रान किंवा जिरायत. उजनीच्या फुगवट्याकाठचा उसाचा पट्टा या एका युक्तीने लख्ख वेगळा पडतो. वर्षभराची सरासरी काढणाऱ्या तयार स्क्रिप्टमध्ये हे सगळं एकमेकांत मिसळतं.

तिसरं पथ्य पावसाचं. 2018 च्या दुष्काळाशेजारी 2020 ठेवलं की तालुका हिरवा झालेला दिसतो आणि अहवालात त्याचं श्रेय वृक्षारोपणाला जातं. चर्प्स हा पावसाचा संच इंजिनातच आहे. प्रत्येक वर्षाच्या हिरवाईतून पावसाने समजावता येणारा वाटा काढा आणि उरलेल्या फरकाचा कल बघा. निदान चांगल्या पावसाची वर्षं चांगल्याशी आणि दुष्काळी दुष्काळीशी तोला.

उपग्रह बदलले तिथेही सांधे दिसतात. लँडसॅट-7 चा स्कॅन सुधारक (चित्राच्या ओळी नीट जुळवणारा भाग) 31 मे 2003 ला बिघडला आणि तेव्हापासूनच्या त्याच्या प्रत्येक चित्राचा सुमारे 22 टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी रिकामा आहे. लँडसॅट-5 ची चित्रं 2011 च्या अखेरीस थांबली आणि 8 ची 2013 मध्ये सुरू झाली. मधलं 2012, आपल्याकडचं दुष्काळाचं वर्ष, नेमकं पट्टेवाल्या 7 वरच काढावं लागतं. शिवाय 8 चा एनडीव्हीआय 5 आणि 7 पेक्षा किंचित जास्त येतो. जुळवणी न करता रेघ ओढली तर 2013 ला खोटी उडी दिसते. जुन्या वर्षांत हंगामाला किती स्वच्छ चित्रं मिळतात ते आधी मोजा. दोन-तीनच असतील तर ते वर्ष सोडा.

भूवापराच्या तयार थरांपैकी डायनॅमिक वर्ल्ड (2015 पासून, 10 मीटर, नऊ वर्ग) पाणी आणि वस्तीसाठी उत्तम आहे, पण गवत, झुडूप आणि जिरायत पीक यांत घोटाळतो. ग्लोबल फॉरेस्ट वॉच हे जगभरच्या झाडीचे नकाशे दाखवणारं संकेतस्थळ कोरड्या मुलखासाठी आम्ही सुचवणार नाही. तिथे झाड म्हणजे पाच मीटरहून उंच, आणि संकेतस्थळ छत्राची (झाडांच्या पानोऱ्याने झाकलेल्या जमिनीची) मर्यादा आपोआप 30 टक्के धरतं. भारतीय वन सर्वेक्षण 10 टक्के छत्रालाच वनाच्छादन म्हणतं आणि त्यात मालकी बघत नाही, त्यामुळे दाट फळबागही त्यात बसते. दोन्हींचे आकडे शेजारी मांडून भांडण्यात अर्थ नाही.

कोड लिहायचा नसेल तर इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ बघा. भूवापराचे 1:50,000 चे नकाशे 2005-06, 2011-12 आणि 2015-16 या तीन फेऱ्यांचे आहेत, जिल्हावार क्षेत्रफळासह. संकेतस्थळ संथ आहे आणि चाळीस वर्षांचा कल त्यातून निघत नाही, पण वर्ग आपल्या जमिनीला धरून आहेत.

शिकायला महिनाभर देणाऱ्यासाठी अर्थ इंजिनला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण तयार सीमा आणि तयार थरांमुळे कापला. निकाल छापण्याआधी प्रत्येक वर्गाचे निदान पन्नास ठिपके गूगल अर्थच्या जुन्या चित्रांवर ताडून घ्या, त्यातले काही माळावर प्रत्यक्ष जाऊन.