घरचा संगणक सुरूच होत नाही: घरी पाहावे, दुरुस्तीवाल्याला दाखवावे, सेवा केंद्रात न्यावे की नवा घ्यावा?

घरचा संगणक सुरू होईनासा झाला की कोणता उपाय स्वस्त पडेल हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवल्या पाहिजेत: यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर अडते आहे, आणि आतल्या डिस्कवर असे काही आहे का, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही. द्राक्षबागेचे हिशेब, सोसायटीचा जमाखर्च, मुलांचे लहानपणापासूनचे फोटो असे काही त्यात असेल, तर यंत्राची किंमत दुय्यम ठरते आणि सगळा निर्णय त्या माहितीच्या बाजूने घ्यावा लागतो.

टप्पे ओळखणे अवघड नाही. बटण दाबल्यावर पंखा फिरत नाही आणि दिवाही लागत नाही, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही, तर संशय आधी रॅमवर (काम चालू असताना माहिती धरणारी स्मृतीची पट्टी), मग डिस्प्लेच्या केबलवर आणि शेवटी मदरबोर्डवर (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) घ्यावा. कंपनीचे चिन्ह दिसते आणि त्यापुढे विंडोज येत नाही, तर डिस्क तरी बिघडली आहे किंवा विंडोजच्या फाइली तरी खराब झाल्या आहेत.

पहिल्या दोन टप्प्यांवर अडलेल्या डेस्कटॉपसाठी घरी अर्धा तास देणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहावे, एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून वायर थेट भिंतीत लावावी, कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचे (भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी बदलून देणारा डबा) छोटे बटण असते ते बंद तर झालेले नाही ना हे तपासावे. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात वायरिंग जुने असेल, तर अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. अर्थिंग नसले की कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत अडकलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो आणि मेल्यासारखा वाटणारा लॅपटॉप कित्येकदा एवढ्यानेच उठतो.

डिस्प्ले येत नसेल तर रॅमची काळजीपूर्वक सफाई करावी. नाशिकच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा वाढतो आणि संगणक काही दिवस बंद राहिला की रॅमच्या संपर्कपट्टीवर मळकट थर धरतो. वायर पूर्ण काढावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून रॅम सरळ वर काढावी आणि तिच्या सोनेरी दात्यांवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावे. रबराचा भुगा ब्रशने झटकून रॅम परत बसवताना खिट्टीचा ‘टक’ असा आवाज आलाच पाहिजे, कारण अर्धवट बसलेली रॅम हेसुद्धा काळ्या पडद्याचे नेहमीचे कारण आहे. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी. दर वेळी तारीख चुकते आणि संगणक एफ-वन दाबा म्हणत थांबतो, असे होत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण-सेल बदलावा. तो शंभर रुपयांच्या आत मिळतो.

घरच्या प्रयत्नांची हद्द मात्र इथे संपते. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून त्यातल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ तिथेच राहू शकतो. हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक आवाज येत असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक प्रयत्नागणिक आतल्या तबकडीवर ओरखडे वाढण्याचा धोका असतो. ती डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच गेली पाहिजे.

दुरुस्तीवाल्याची खरी ताकद त्याच्या पिशवीत असते. आपल्याकडे नसलेला चालू एसएमपीएस, जास्तीची रॅम आणि दुसरी डिस्क त्याच्याकडे असते, आणि अदलाबदल करून दोष शोधण्याइतकी खात्रीची पद्धत दुसरी नाही. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड अशा वस्त्यांतून घरी येणारी माणसे भेटतात, तर महात्मा गांधी रोड आणि कॅनडा कॉर्नर भागातल्या दुकानांत सुटे भाग लगेच मिळण्याची शक्यता अधिक असते. वॉरंटी संपलेल्या डेस्कटॉपसाठी मी हीच वाट सुचवेन, आणि जमल्यास काम घरीच, डोळ्यांसमोर करून घ्यावे असे म्हणेन. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरचे सपाट डोके फुगलेले दिसले किंवा त्यावर तपकिरी डाग असला, तर तो भाग दाखवायला सांगावा. एवढी खूण कुणालाही ओळखता येते.

या वाटेवरचा मोठा धोका ‘विंडोज नवीन टाकून देतो’ या वाक्यात आहे. फॉरमॅट मारला की सी ड्राइव्हवरचा डेस्कटॉप, डाउनलोड आणि डॉक्युमेंट्स हे सगळे जाते, आणि घरातल्या बहुतेकांच्या फाइली नेमक्या तिथेच असतात. वास्तविक विंडोज १० आणि ११ सलग काही वेळा सुरू होऊ शकले नाही, तर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यातली स्टार्टअप रिपेअर आधी चालवून पाहावी, आणि तरीही जमले नाही तर डिस्क काढून, दुसऱ्या संगणकाला जोडून, फाइली उतरवून मगच पुढे जावे. हे करायला जो तयार नसेल, त्याच्या हाती माहितीचे यंत्र देऊ नये.

वॉरंटी चालू असेल तर अधिकृत सेवा केंद्राला पर्याय नाही, कारण बाहेर उघडलेल्या यंत्राच्या दाव्यावरून वाद होऊ शकतो. तिथे सुटा भाग अस्सल मिळतो आणि कामाची नोंद राहते. परंतु ग्राहकाच्या माहितीची जबाबदारी कंपन्या सहसा घेत नाहीत, आणि बोर्डावरचा एक घटक बदलण्याऐवजी अख्खा मदरबोर्ड बदलण्याकडे त्यांचा कल असतो. वॉरंटी संपल्यावर हाच मुद्दा खर्चाच्या अंदाजात जड जातो. तेव्हा लॅपटॉपच्या बोर्डाचे सूक्ष्म काम करणारा अनुभवी कारागीर सापडला, तर तोच बरा. लॅपटॉप कुठेही देण्यापूर्वी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बिटलॉकरची (विंडोजमधले डिस्कचे कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की आहे का ते पाहून लिहून ठेवावी. बिटलॉकर चालू असेल, तर मदरबोर्ड बदलल्यावर डिस्क ही की मागते, आणि ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही फाइली उघडत नाहीत.

नवा घेण्याचा विचार यंत्राच्या वयावर ठरवावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची व्यवस्था) लागते; इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीत नाहीत. अशा जुन्या यंत्राचा मदरबोर्ड गेला असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. मात्र त्याहून नव्या यंत्राची केवळ हार्ड डिस्क गेली असेल, तर एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवून ते पुढे अनेक वर्षे चांगले चालते, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी वेगाने सुरू होते. जुने यंत्र भंगारात देण्याआधी त्यातली डिस्क काढून घ्यावी आणि यूएसबीच्या डबीत बसवून नव्या संगणकाला जोडावी.

यंत्र कुणाकडेही सोपवताना डिस्क, रॅम आणि मदरबोर्डवरच्या क्रमांकांचे फोटो काढून ठेवावेत, आणि पावतीवर दोषाबरोबरच ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ एवढे लिहून घ्यावे.