4,65,000 गेले आणि बायको म्हणत होती नंबर बघा

लाज वाटतेय लिहायला, कारण मी स्वतः 31 वर्षं कारकुनी केलीय, आवक-जावक, कॅशबुक, सगळं. आणि मलाच पतसंस्थेतल्या कारकुनाने गंडवलं. माझी ठेव 3,40,000, हिच्या नावावर 1,25,000. व्याज धरलेलंच नाही यात.

पद्धत तुम्हाला माहितीच असेल. मुदत संपली की "काका, तुम्ही कशाला चकरा मारता, मी येतो ना घरी", जुन्या पावत्यांच्या मागे आमच्या सह्या घेतल्या, त्यावर पैसे स्वतःच उचलले आणि आम्हाला दिल्या त्या पावत्या संस्थेच्या नव्हत्याच, बाहेर छापून आणलेल्या. पावतीच्या मागे कोरी सही म्हणजे पैसे मिळाल्याची पोच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सहीच्या वर 'फक्त नूतनीकरणासाठी' एवढं लिहायचं होतं. तुम्ही तरी लिहा.

2025 चा मार्च, दुपारची वेळ, तो चहा पीत बसलेला. ही चष्मा लावून म्हणाली, अहो, आधीच्या पावतीवर लाल छापील नंबर होता, यावर पेनाने लिहिलाय. मी काय बोललो असेन? "तुला काय कळतंय त्यातलं." त्याच्यासमोर! तो हसून म्हणाला, काकू, नवीन बुकं आली नाहीत अजून, मार्च एंड आहे. मार्च एंड म्हटलं की मला सगळं पटतं, जन्म गेलाय त्यात. दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती तेही मी पाहिलं होतं, पाहून सोडून दिलं. पण मला सांगा, गणपतीत पुढे, रक्तदान शिबिरात पुढे, माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्री रिक्षा घेऊन आलेला पोरगा, त्याच्यावर कोण संशय घेणार?

झोप लागत नाही तेव्हा वाचत बसतो. लंडनला लिओपोल्ड रेडपाथ म्हणून होता, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत शेअर नोंदणीच्या खात्यात. रजिस्टरात आकडे वाढवून, नसलेले शेअर विकून दोन लाख पौंडांच्या वर खाल्ले. आणि हाही दानशूर बरं का, अनाथ मुलांच्या शाळांना देणग्या. 1856 मध्ये कंपनीच्या लक्षात आलं की नोंदीपेक्षा जास्त शेअरवर डिव्हिडंड जातोय, तेव्हा बिंग फुटलं. 1857 च्या जानेवारीत जन्मठेप, थेट पश्चिम ऑस्ट्रेलियात पाठवला. आपल्याकडेही 1860 च्या दंडसंहितेत सरकारी नोकराने किंवा बँकवाल्याने अपहार केला तर कलम 409 ला जन्मठेप, काळं पाणीच, 1955 च्या दुरुस्तीत 'काळं पाणी' जाऊन नुसता जन्मभर तुरुंग राहिला. साध्या नोकर-कारकुनाला मात्र तेव्हाही सात वर्षं आणि आजही नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये जास्तीत जास्त सातच. आमचा? बावीस दिवसांत जामिनावर बाहेर, चौकात पान खाताना दिसतो.

आणि ऑफिसं! संस्था म्हणते पावती आमची नाही, तुमचा व्यवहार त्या माणसाशी. पोलीस म्हणतात हा सहकाराचा विषय, निबंधकांकडे जा. निबंधकांचं ऑफिस म्हणतं गुन्हा दाखल आहे ना, मग पोलिसांकडे जा. सहा वेळा गेलो, चार वेळा साहेब मीटिंगला, एकदा लाइट नाही, एकदा माझा अर्जच सापडेना, मीच आवक क्रमांक सांगितला तेव्हा गठ्ठ्यातून निघाला, मी एकतीस वर्षं हेच केलंय हो, अर्ज असा हरवत नाही, हरवला जातो! सहकार कायद्याच्या कलम 88 ची, म्हणजे नुकसान कुणाकडून वसूल करायचं ते ठरवणारी चौकशी कधी लागणार विचारलं तर "आजोबा, प्रोसेस असते". दरवर्षी ऑडिट झालेलं, 'अ' वर्ग मिळालेला, तो कुठल्या आधारावर दिला, ते कुणी सांगत नाही.

आणि पाच लाखांचा विमा बँकेच्या ठेवींना असतो, पतसंस्थेच्या नाही. एजंट हे सांगत नाही, मीही विचारलं नव्हतं.

हिने मला अजून एका शब्दाने टोमणा मारलेला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

घरपोच नूतनीकरण केलेली पावती कुणाकडे असेल तर उद्याच शाखेत जा, काउंटरवर उभं राहून लेजरमधलं स्वतःचं नाव आणि रक्कम दाखवायला सांगा, नाही म्हणाले तर तिथेच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मूळ पावती हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या. आणि मार्च एंड आहे म्हणाले तर बसून राहा तिथेच.