दिवाळी अंकवाल्यांनो, युद्धाचे फोटो घेताना जपून

आमचा दिवाळी अंक लहान. दादरच्या चाळीतल्या एका खोलीतून निघतो, दीड हजार प्रती. गेल्या वर्षी युद्धाचे फोटो विकणाऱ्या एका भामट्यापायी ३७ हजार रुपये आणि एक रंगीत फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा संच) घालवून बसलो. सध्या सगळीकडे अंकांची जुळवाजुळव चालू आहे आणि तोच माणूस नाव बदलून दुसऱ्या कुणाकडे आला असेल, म्हणून हे लिहितोय.

जूनमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज आला. स्वच्छ मराठी. मूळचा साताऱ्याकडचा, यादवी चालू असताना सीरियातल्या अलेप्पो शहरात होतो, लढाईचे नाही, साध्या माणसांचे फोटो काढले, वगैरे. सोबत नमुने. पडक्या इमारतीखाली चहा पिणारे म्हातारे, पिवळ्या टॅक्सीत कोंबलेली शाळकरी पोरं, आणि बेकरीबाहेर लोखंडी कठड्यावर पसरलेल्या गोल रोट्या.

मी पाघळलो. फोटोंवर कमी, ‘अलेप्पोतला मराठी माणूस’ या मथळ्यावर जास्त. गडी बोलायचाही छान. २०१२ ते २०१६ शहराचे दोन तुकडे होते, पश्चिम भाग सरकारकडे, पूर्व बंडखोरांकडे. लोक गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून अँपिअरच्या हिशेबाने वीज विकत घ्यायचे. हे सगळं खरं आहे, पण ते दादरमध्ये बसूनही वाचता येतं. गल्ली कुठली, म्हातारा कोण, असं विचारलं की ‘त्यांच्या जिवाला धोका आहे’. यावर काय बोलणार?

१५ हजार आगाऊ दिले. मग मूळ फाइलींची हार्ड डिस्क तुर्कस्तानच्या कस्टम्समध्ये अडकली म्हणून आणखी २२. बायको म्हणाली, “अहो, बॉम्बमधून सुटला आणि कस्टम्सवाल्यांना सापडला होय?” मी ऐकलं नाही.

फर्मा छापून डोंगरीला आमच्या बाइंडरकडे गेला. चाचांची दहा वर्षं दुबईत गेलेली. त्यांचा फोन आला, “साहब, ज़रा आके देखो.” गेलो. त्यांनी रोट्यांचं पान उलटं करून बल्बसमोर धरलं. कागदाच्या मागून बेकरीची अरबी पाटी सरळ दिसत होती. “मखबज़. बेकरी. आपने उलटा छापा है.” मग फोटोखालची ओळ वाचायला सांगितली. मी वाचली आणि ते हसले. “सुखाने को नहीं डालते. भट्टी से गरम निकलती है, एक के ऊपर एक रखो तो भाप से चिपक जाती है. ठंडी करके थैली में भरते हैं. दुबई में सीरियावाले की बेकरी में रोज़ देखता था.” ‘तिकडे रोट्या वाळवून साठवतात’ हे मला त्या माणसाने सांगितलं होतं. तिथे चार दिवस जरी राहिला असता तरी असं बोलला नसता.

टॅक्सीचा फोटोही उलटाच, स्टिअरिंग उजवीकडे होतं. आपल्याकडे असतंच तसं, त्यामुळे कुणालाच खटकलं नाही. सीरियात ते डावीकडे असतं.

फोटो उलटवतात ते इंटरनेटवर शोधताना मूळ फोटो सहज सापडू नये म्हणून. आम्ही आधी शोधलं होतं, काही मिळालं नव्हतं. आता सरळ करून टाकला, तर पाच मिनिटांत एका परदेशी छायाचित्रकाराच्या नावावर निघाला. ही युक्ती जुनीच आहे. २०१७ मध्ये बीबीसी ब्राझीलने ‘एदुआर्दो मार्टिन्स’ नावाच्या युद्ध-छायाचित्रकाराचं बिंग फोडलं. इन्स्टाग्रामवर लाखावर फॉलोअर्स, आणि डॅनिएल ब्रिट या अमेरिकन छायाचित्रकाराचे फोटो आरशासारखे उलटवून स्वतःचे म्हणून खपवलेले. आमचा पठ्ठ्या त्याच शाळेतला.

आता मी एकच मागतो: ज्या क्षणाचा फोटो, त्याच्या आधीची आणि नंतरची फ्रेम, कॅमेऱ्यातून निघाली तशी रॉ फाइल. खऱ्या माणसाकडे एका कठड्याचेही पंधरा-वीस फोटो असतात. चोराकडे तेवढा एकच. आणि पाटीवर अक्षरं असतील तर ती लिपी येणाऱ्याला छापण्याआधी दाखवा. मुंबईत असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे देऊन तीन महिने झाले होते. तिथे पहिल्या काही तासांतच फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची आशा असते. ज्याचे फोटो त्याला मेल करून सगळं कळवलं.

फर्मा रद्दीत गेला. एक पान मात्र मी ठेवलंय. रोट्यांखाली माझीच ओळ आहे, तेव्हा फार आवडली होती मला: ‘उद्याच्या भुकेसाठी घातलेलं वाळवण’. गरम रोट्या होत्या हो त्या.